दंड भरायला पैसे कमी पडतायत, तर जेलशिवाय दुसरा मार्ग आहे का?

बांधकरी_87:
चुलतभावाला बांधाच्या भांडणात कलम 324 (घातक हत्याराने दुखापत) खाली एक वर्ष सक्तमजुरी आणि 12 हजार दंड झालाय. दंड न भरल्यास आणखी चार महिने साधी कैद. वर्ष पुढच्या आठवड्यात भरतंय. सोयाबीन विकून, इकडून तिकडून करून 9 हजार जमलेत. वहिनी म्हणते उरलेले सावकाराकडून उचलू, कारण अर्धवट रक्कम कोर्ट घेतच नाही असं कुणीतरी सांगितलंय. खरं आहे का? शिवाय खटल्याच्या वेळी तो दोन महिने कच्च्या कैदेत होता. ते दिवस या चार महिन्यांत धरतात का?

निवृत्त_नाझर:
सावकाराची पायरी चढू नका. जुन्या भादंविचं कलम 69 आहे (नव्या न्याय संहितेत तेच कलम 8 मध्ये आलंय): जितका दंड भराल तितकी कैद कमी. 12 हजाराला चार महिने, म्हणजे 9 हजारात तीन महिने गळाले. उरला एक. त्यातही मधेच आणखी पैसे आणलेत तर त्या हिशोबाने तोही कमी होतो. कच्च्या कैदेचे दिवस मात्र मूळ वर्षातून वजा होतात, दंडाच्या कैदेतून नाही. ते वर्षातून वजा झालेत का, हे जेलमध्ये विचारून घ्या.

मी कोर्टात नाझर होतो, दंडाची रोकड माझ्या टेबलावर यायची. बायका पदराच्या गाठीतून दहा-दहाच्या नोटा काढून मांडायच्या आणि दोनशे कमी पडले की तशाच परत गुंडाळायच्या. अर्धे भरले तरी दिवस कमी होतात हे त्यांना निकालाच्या वेळी कुणी सांगितलेलंच नसायचं. वकीलही नाही! दुपारी कॅश बंद झाल्यावर पैसे घेऊन धावत आलेला माणूस दुसऱ्या दिवसावर जायचा. शनिवार असला तर सोमवारवर. तेव्हा सकाळीच जा.

अ‍ॅड_मराठवाडा:
नाझरसाहेबांशी सहमत. जोड एवढीच की केंद्राची 2023 ची गरीब कैदी सहाय्य योजना आहे. दंडासाठी अडकलेल्या, शिक्षा झालेल्या कैद्याला 25 हजारांपर्यंत मदत मिळते, कोर्टात थेट भरली जाते. जिल्हा समितीत कलेक्टर, एसपी, तुरुंग अधीक्षक असतात. एनडीपीएस (अमली पदार्थ), युएपीए (दहशतवादविरोधी कायदा) वगैरे प्रकरणं वगळलीत, तुमचं त्यात नाही. तुरुंग अधीक्षक आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव, दोघांनाही लेखी अर्ज द्या. एकावर विसंबू नका.

सरळमार्गी:
डोकं फोडायचं आणि वर सरकारने दंड भरायचा? मग वचक कुणाला राहणार?

निवृत्त_नाझर:
डोकं फोडल्याचं वर्ष त्याने काढलं की. पुढचे चार महिने खिसा रिकामा असल्याचे. सुप्रीम कोर्टानेही म्हटलंय की ही कैद गुन्ह्याची शिक्षा नव्हे, दंड न भरल्याबद्दलची आहे. ज्याच्याकडे आहे तो त्याच संध्याकाळी घरी जेवतो.

आणि वसुलीच्या इतर वाटा कायद्यात आहेतच. जंगम मालमत्तेवर जप्ती, कलेक्टरमार्फत महसुली थकबाकीसारखी वसुली. नुसत्या दंडाचीच शिक्षा असेल तर तीस दिवसांची मुदत किंवा दोन-तीन हप्ते (पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं 424, आता नागरिक सुरक्षा संहितेचं 464). पण मूळ कैदही असेल तर हे हप्ते लागू नाहीत, आणि माझ्या मते सुधारणा हवी ती इथेच. सुटल्यावर मजुरी करून फेडू द्या ना! आत ठेवून सरकार त्याला चार महिने जेवू घालणार आणि दंडाचा रुपया येणार नाही. नव्या न्याय संहितेत शिक्षा म्हणून आणलेल्या समाजसेवेचा गाजावाजा झाला, पण ती सहाच गुन्ह्यांना: पाच हजारांखालची पहिली चोरी, दारू पिऊन धिंगाणा, अब्रुनुकसानी असे. तीही चुकवली तर पुन्हा कैद.

बर्लिनकर:
इकडे जर्मनीतही तीच रड. विनातिकीट प्रवासाचा दंड न भरणारे तुरुंगात जातात. फेब्रुवारी 2024 पासून निदान दिवस निम्मे केलेत, आधी दंडाच्या एका एककाला (एका दिवसाच्या कमाईवर ठरणारी रक्कम) एक दिवस होता, आता दोनाला एक. काम करून फेडायची सोयही आहे. फ्राईहाइट्सफाँड्स नावाची संस्था लोकांच्या देणग्यांतून असे दंड भरून माणसं सोडवते.

बांधकरी_87:
आभार सगळ्यांचे. चार महिने पूर्ण काढले तर दंड माफ होतो का? आणि अर्ज वहिनीच्या सहीने चालेल ना?

निवृत्त_नाझर:
कागदावर माफ होत नाही, पण पूर्ण कैद भोगल्यावर विशेष कारण नोंदवल्याशिवाय किंवा दंडातून खर्च-भरपाई द्यायचा आदेश असल्याशिवाय वसुलीचं वॉरंट काढता येत नाही. अर्ज वहिनींच्या सहीने द्या, सोबत निकालाची प्रत आणि रेशनकार्ड जोडा. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.