३१ ऑक्टोबरची भुतं घरीच केलीत? तुमचे अनुभव लिहा

बेळगावात आता काही अपार्टमेंटांत, कॉलन्यांत आणि इंग्रजी शाळांत ३१ ऑक्टोबरला मुलांना भुताच्या वेशात बोलावतात. हॅलोवीन आपला की परका, हे भांडण इथं नको. मूल दारात उभं राहून ‘मला काय घालू?’ विचारतंय, तेव्हा घरात काय चालतं ते हवंय.

तीन गोष्टी सांगा. पोशाख कशाचा केला, तो घालून मूल सुखरूप राहिलं का, आणि दुसऱ्या दिवशी त्या पोशाखाचं काय झालं. बाजारातला चकचकीत नायलॉनचा सांगाडा एका संध्याकाळी वापरून माळ्यावर जातो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण घरी केलेलाही कचऱ्यातच जाणार असेल, तर त्याला पर्यावरणपूरक म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

खानापूर तालुका, शेतीवाल्या घरातून

कचऱ्यात जाणं आन शेणखताच्या खड्ड्यात जाणं यात फरक आहे की, ताई! आमच्याकडं दुसरंच होतंय सगळं.

पोरगं बेळगावला मामाकडं शिकायला आहे. तिथल्या कॉलनीत भूत व्हायचं ठरलं, तर म्हटलं बुजगावणं हो. ऑक्टोबरच्या शेवटाला भाताची कापणी चाललेली असतीय, पिंजर पाहिजे तेवढी. तागाचं पोतं घेतलं. खताचं मुद्दाम घेतलं नाही. ते प्लास्टिकचं असतंय, आन झटकलं तरी खत शिवणीत राहतंय. औषध फवारणीच्या वेळचा शर्टसुद्धा नको, कितीही धुतलेला असूंदे. पोतं टोचतंय म्हणून आतून पूर्ण बाह्यांचा जुना सुती शर्ट. पिंजरीच्या जुड्या फक्त मनगटाला आन खिशात, सुंभानं बांधून. गळ्याशी काहीच बांधायचं नाही, हे त्याच्या आईनं बजावलेलं. डोक्याला वडिलांचा मळका पटका. तोंडावर काही नाही, नुसत्या कोळशाच्या मिशा.

२०२४ साली ३१ ऑक्टोबरलाच नरक चतुर्दशी होती. पणत्या, फुलबाज्या आन त्यात पिंजरीचं पोर! म्हणून दिवस मावळायच्या आत फोटो काढले आन पिंजर सोडवली. मग नुसता पोत्यातला माणूस होऊन फिरला. म्हातारी म्हणाली, ‘हेच जास्त भ्या वाटतंय.’

पिंजर म्हशीनं खाल्ली. पोतं चुलीच्या लाकडांवर झाकायला. शर्ट शेतातल्या खऱ्या बुजगावण्याला घातला, तो अजून उभा आहे.

शहापूर, शिंपीकाम

माझ्याकडं ऑक्टोबरात झग्याच्या ऑर्डरी येतात. पहिलं काम कापड ओळखायचं. कडेचा एक धागा काढून चिमट्यात धरायचा आणि पेटवायचा, मोठ्या माणसानं, मोरीजवळ. सुती असेल तर कागद जळल्यासारखा वास आणि हातात चुरगळणारी राख. पॉलिस्टर असेल तर वितळून कडक मणी होतो. तोच मणी उद्या पोराच्या कातडीला चिकटणार. म्हणून मी सुतीच घ्या म्हणतो, पण सुती भराभर पेटतं हेही सांगतो. ढगळ झगा आणि रांगोळीभोवतीच्या पणत्या एकत्र असतील तर कुठलंच कापड चांगलं नाही. बाही मनगटाला इलॅस्टिकनं बसती करायची, घेर कमी ठेवायचा, उंची घोट्याच्या वर. पायात अडकून पडणारी पोरं मी भुतांपेक्षा जास्त बघितलीत.

पाठीवरच्या झग्याला गळ्यात नाडी देत नाही. दोन्ही खांद्यांवर वेल्क्रोचा छोटा तुकडा, कुठं अडकला तर झगा सुटून यावा, पोर ओढलं जाऊ नये.

आता तुमचा तिसरा प्रश्न. एका गिऱ्हाइकाला बाहेरून काळा, आतून भगवा असा झगा शिवून दिला. ऑक्टोबरात रक्तपिपासू. वैशाखात शिवजयंतीच्या चित्ररथावर तोच उलटा करून मावळ्याचा शेला. बेळगावात पोराला वर्षातनं एकदा तरी मावळा व्हावंच लागतं, मग कापड दोनदा कशाला घ्या?

हिंदवाडी, रसायनशास्त्र शिकवते

काळं कापड विकत न घेता पांढऱ्या जुन्या चादरीला घरी काळं करता येतं. फार जुनी पद्धत आहे, कलमकारीवाले वापरतात. मातीच्या मडक्यात गंजके खिळे, गूळ आणि पाणी घालून दोन-तीन आठवडे आंबवायचं. झाकण सैल ठेवा, आत वायू तयार होतो. वासही येतो, तेव्हा मडकं परसात. चादर साबणानं धुऊन हिरड्याच्या पाण्यात भिजवायची, वाळवायची. हिरडापूड रविवार पेठेत सहज मिळते. ती पिवळट चादर लोखंडाच्या पाण्यात बुडवली की डोळ्यांदेखत काळी होते. हिरड्यातल्या टॅनिनची लोहाशी गाठ पडते, एवढीच जादू. माझ्या भाचीनं त्या क्षणी जी किंकाळी मारली, तिच्यापुढं पुढचा सगळा कार्यक्रम फिका. हातमोजे घाला, आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत धुतल्याशिवाय अंगाला लावू नका. लोहामुळं सुती धागा हळूहळू कमजोर होतो, म्हणून नवी चादर यात घालवू नका. आमची आता कुंड्यांखाली अंथरलेली असते.

चेहऱ्याच्या रंगाबद्दल मात्र मी कडक आहे. ‘नैसर्गिक’ म्हणजे निर्धोक, असं कुणी सांगितलं? बिब्बा नैसर्गिकच आहे, पूर्वी परीट त्यानं कपड्यांवर खुणा करायचे, आणि कातडीला लागला तर फोड उठतात. हळदीत चुना कालवला की सुंदर लाल रंग येतो, पण ओला चुना चेहरा भाजतो. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर डाग पडतात. झटपट रंगणारी काळी मेंदी तर नकोच, तिच्यातल्या रसायनानं जन्माची ॲलर्जी जडू शकते. पोस्टर कलर कागदासाठी आहेत. भाची हडळ झाली तेव्हा तांदळाची पिठी खोबरेल तेलात कालवून पांढरं केलं आणि डोळ्यांखाली घरचं काजळ. तेही आदल्या दिवशी कोपराच्या आत थोडं लावून बघितलं. चमकी अजिबात नाही, ते प्लास्टिकच असतं, डोळ्यात जातं ते वेगळंच.

निपाणी

दोघंही नोकरीवर जातो. खिळे आंबवायला वेळ नाही. गॅदरिंगचे ड्रेस भाड्यानं देणाऱ्याकडून राक्षसाचा ड्रेस आणला, दुसऱ्या दिवशी परत केला. पन्नास पोरं घालतील तो एक ड्रेस. याहून पर्यावरणपूरक काय असतं ते कळवा. फक्त आणल्यावर धुवा, आणि त्याच्याबरोबर येणारा रबरी मुखवटा दुकानातच ठेवा. त्यातून ना धड दिसतं, ना श्वास घेता येतो.

चिकोडी, आज्जी (नात टाइप करते आहे)

मुखवटे आम्ही लहानपणापासून करतो, गौरी-गणपतीत सोंगं निघायची तेव्हाचे. मातीचा साचा, त्यावर ओल्या कागदाचे थर. सगळ्यांत आतला थर कोऱ्या कागदाचा, छापील शाई तोंडाला नको. मैद्याची खळ शिजवून. पूर्वी खळीला कसर लागू नये म्हणून मोरचूद घालायचे. पोराच्या मुखवट्यात तो घालायचा नाही, विष आहे ते. कडुलिंबाचा पाला उकळून त्या पाण्यात खळ करा.

मुखवटा कपाळापासून नाकापर्यंतच, तोंड मोकळं. डोळ्यांची भोकं पोराच्या तोंडाला लावून मग कापायची, अंदाजानं नाही. खरं तर काठीवर बसवलेला सगळ्यात चांगला. हातात धरायचा, भ्या दाखवायचं, खाली घ्यायचा, चालू लागायचं.

नातीनं मागच्या वर्षी वेताळ केला. तो आता देवघराच्या बाहेर टांगलाय. तिची आई म्हणते काढा. मी म्हणते, हुंदे की, राखण करतोय.

बेळगाव, नर्स

शिंपीदादांनी लिहिलंय ते शब्दशः खरं. अंगावरचे कपडे पेटले तर पळायचं नाही. थांबायचं, आडवं पडायचं, लोळायचं. हे मुलांकडून सतरंजीवर खेळ म्हणून आधी करून घ्या. भाजलं तर २० मिनिटं नळाचं वाहतं पाणी. टूथपेस्ट, शाई, हळद काही नाही. कातडीला चिकटलेलं कापड ओढायचं नाही, तसंच दवाखान्यात या.

आणि एक. चमकणारी शिंगं, लुकलुकणारे डोळे यांत बटणाएवढा सेल असतो. तो धाकट्या भावंडानं गिळला तर दोन तासांतसुद्धा अन्ननलिका भाजू शकते. स्क्रूनं बंद होणारं झाकण नसेल तर ती वस्तू घरातच आणू नका.

टिळकवाडी, कॉलेजात

आमच्या घरात काळ्या कपड्यांचा प्रश्नच नाही. १ नोव्हेंबरला, कर्नाटक राज्याच्या स्थापनादिनी, सीमाभागातली मराठी माणसं निषेधाचा काळा दिन पाळतात; त्याच्या सायकल फेरीसाठी तीन पिढ्यांचे काळे शर्ट कपाटात आहेत. ३१ला धाकट्यानं आजोबांचा घालून मुंजा केला, आईनं रात्रीच धुऊन टाकला, सकाळी आजोबा तोच घालून काळ्या दिनाला गेले. शून्य खर्च, शून्य कचरा.

वडगाव, अपार्टमेंटमधून

आमच्या मजल्यावर निम्मी घरं कन्नड, निम्मी मराठी. शेजारच्या अक्कांचा मुलगा आणि माझी मुलगी एकाच वर्गात. दोघांनी मिळून ठरवलं की आपण भूत व्हायचंच नाही, दार व्हायचं. फ्रिजचा खोका आणला, त्याची दोन दारं केली, त्यांतून डोकं आणि हात बाहेर काढायला जागा केली, गेरूनं रंगवली, आणि अक्कांनी त्यांवर खडूनं लिहून दिलं ‘नाळे बा’, म्हणजे ‘उद्या ये’. दारावर हे वाचलं की भूत ‘बरं, उद्या येते’ म्हणून परत जातं, ही गोष्ट इकडच्या कन्नड घरांत सगळ्यांना माहीत. त्या संध्याकाळी जो कुणी भूत बनून समोर आला, त्याला दोघं फक्त छातीवरची अक्षरं दाखवायची. त्याला परत फिरावंच लागायचं. पाचवीतला एक मोठा राक्षस चिडून रडला.

खोका पुठ्ठ्याचा म्हणून कडा चिंधीनं बांधून घेतल्या, नाहीतर मानेला कापतं. जिन्यात खाली बघता येत नाही, त्यामुळं जिना उतरताना दार काढून हातात. नंतर त्यातलं एक दार दिवाळीच्या किल्ल्याचा बुरूज झालं. दुसऱ्यात सध्या मांजर राहते. कुणाकडं फ्रिजचा खोका असेल तर सांगून ठेवा, यंदा खिडकी करायची म्हणताहेत.