आजीचं आयुष्य टिपून ठेवायचं असेल तर... (अनुभव धागा)

नव्वदीतल्या आजीला समोर बसवून "तुझ्या वेळचं सांग ना" म्हटलं की उत्तर ठरलेलं: "त्यात काय सांगायचं, सगळ्यांचं तसंच." म्हणून हा धागा. ज्यांनी मापं घेतली, ओव्या टिपल्या, गोधड्या घातल्या, त्यांनी रीत लिहावी. गहिवर आपापल्या घरी.

•

सुरुवात जन्मसालापासून. कागदावर १ जून असेल तर त्यावर विसंबू नका, शाळेत नाव घालताना गुरुजी सर्रास हीच तारीख टाकत. "कधी झालं?" असं विचारायचंच नाही. "कोयनेचा भूकंप झाला तेव्हा कडेवर कोण होतं?" असं विचारा. तो ११ डिसेंबर १९६७चा, पहाटेचा. पुण्याकडे पानशेतचा पूर, १२ जुलै १९६१. दुष्काळी भागात १९७२: खडी फोडायला गेलीस का, सुकडी मिळायची का? कडेवरचं मूल चालत होतं की रांगत होतं, यावरून वर्ष सापडतं. असे दोन-तीन प्रसंग जुळले तरच साल पक्कं धरा. शके सांगितलं तर ७८ मिळवा. १ जानेवारी ते गुढीपाडवा यातली तिथी असेल तर ७९.

आणि माहेरचं नाव आधी लिहून घ्या. लग्नात नाव बदललेलं असतं, ते पहिलं नाव जाणणारी माणसं घरात एक-दोनच उरतात.

•

गोडा मसाला, मेतकूट, भाजणी: साहित्य विचारून लिहिलेली कृती हमखास फसते. आजीला करू द्या, तुम्ही वजनकाटा घेऊन बसा. डबा वापरण्याआधी तोलायचा, नंतर तोलायचा. फरक म्हणजे तिनं घातलेलं प्रमाण. तिच्या हाताला मधे अडवायचं नाही. तिची वाटी पाण्यानं काठोकाठ भरून ते पाणी मिलिलिटरच्या मापात ओता. मूठ तीनदा तोला आणि सरासरी घ्या. भाजण्याचा क्रम, आच आणि ती कशावरून थांबते (वासावरून, तडतडण्यावरून की रंगावरून) ते वेगळं लिहा. चूक बहुतेक तिथेच होते.

जुन्या वहीतला पावशेर आजचा नव्हे. ८० तोळ्यांचा शेर म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम, त्याचा पाव २३३. आज आपण २५० ग्रॅमला पावशेर म्हणतो. एका जिनसात हा फरक कळत नाही. लोणच्याच्या मिठाला मात्र कळतो. शेर, पायली धान्याला लावली असेल तर ते आकारमान: २ चिपटी म्हणजे १ मापटं, २ मापटी म्हणजे १ शेर, ४ शेर म्हणजे १ पायली. पायलीभर ज्वारी आणि पायलीभर पोहे यांचं वजन एक कसं येईल?

•

मसाल्यासारखंच, विचारू नका, तिला करू द्या, हे ओव्यांनाही लागू. नुसतं "म्हण" म्हटलं तर दोन ओव्यांवर गाडी थांबते. जात्यावर बसवा. खुंट्याला दुसरी बाई हवी, म्हणजे दम टिकतो आणि एकीची ओवी संपता संपता दुसरीला पुढची सुचते. मूठमूठ धान्य घालत राहा. रिकामं जातं फिरवलं की दगडावर दगड घासून खरखर वाढते. फोन जमिनीवर ठेवू नका, घरघर थेट त्यात उतरते. स्टुलावर घडी घातलेलं फडकं, त्यावर फोन, तोंडापासून हातभर. पंखा बंद, फोन विमान मोडवर. मूळ फाइल केबलनं उतरवून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेला आवाज दबतो.

त्याच संध्याकाळी शब्द लिहून काढा आणि अडलेले तिलाच विचारा. आठवड्यानं ऐकलं की "हौशा" की "हवशा" यावर घरात भांडण. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांच्या चमूनं लाखाहून जास्त ओव्या गोळा करून विषयवार लावल्या आहेत. घरच्या पन्नास ओव्यांनाही तशीच रचना लावावी: माहेर, भाऊ, लेक, विठ्ठल.

•

गोधडी. नऊवार म्हणजे २७ फूट. त्याचे पावणेसात फुटांचे चार तुकडे, दोन शेजारी जोडले की सुमारे साडेसात फूट रुंदी. अशी दोन लुगडी घेतली तर चार थर, दोघांना पुरेल अशी. आधी सगळं धुऊन कडक वाळवा. कपडा दोन अंगठ्यांत ओढून बघा; टर्रकन फाटला तर तो आतल्या थरात, बाहेर नको. कच्चे टाके मधून काठाकडे घालत जा, नाहीतर मधे फुगा येतो आणि तो शेवटपर्यंत जात नाही. मग धावदोरा, ओळींमध्ये बोटभर अंतर, दोरा सुतीच. सुतीत पॉलिस्टर मिसळलं की पहिल्याच धुण्यात सुती आटतं आणि गोधडी चुरगळते.

जरीचं, रेशमी काही घालू नये. जर टोचते, रेशीम घडीवर चिरतं.

•

पैठणीला कात्री लावायचा विचार असेल तर थांबा. मलमलीत गुंडाळा, प्लास्टिकमध्ये नको, डांबरगोळी जरीला लागू देऊ नका. तीन-चार महिन्यांनी घडी बदला.

•

फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नका, काचेसकट स्कॅन करा. मागे बॉलपेननं लिहू नका, पुढे उमटतं. मऊ पेन्सिल घ्या. ओळख पटवायला सहस्रचंद्रदर्शनाचा दिवस उत्तम (हजार पौर्णिमा म्हणजे सुमारे ८० वर्षं १० महिने), कारण तिच्या बरोबरीच्या नणंदा-जावा एकत्र असतात. फोटोच्या मोठ्या प्रती काढा, चेहऱ्यांवर आकडे टाका आणि जेवणाआधी फिरवा. जेवणानंतर सगळ्या पेंगतात.