ट्रान्सप्लांटच्या आधी फिजिओ कशाला?

बाबांना आयएलडी (फुफ्फुसं कडक होत जाण्याचा आजार) आहे, फुफ्फुस ट्रान्सप्लांटसाठी नाव लावलंय. फिजिओ म्हणतात रोज चाला, पण दहा पावलं टाकली की ऑक्सिमीटर ८५ दाखवतं न आई घाबरून त्यांना बसवते. चालवायचं की नाही?

> चालवायचं, पण ऑक्सिजन लावून. आमच्याकडे ८८ च्या खाली गेलं की थांबवायचे. फ्लो किती वाढवायचा ते डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. बोटं गार असली की मशीन काहीही दाखवतं, आधी हात चोळा.

> माझं झालंय, दोन्ही बाजूंचं. नव्या फुफ्फुसाचे मज्जातंतू (नर्व्ह) जोडत नाहीत, त्यामुळे कफ साठला तरी खोकल्याची उबळच येत नाही, छातीशी उशी घट्ट धरून मुद्दाम खोकावं लागतं. वर स्टेरॉइडने मांड्या अशा गळतात की कमोडवरून उठवत नाही, म्हणून खुर्चीतून उठबस आत्तापासूनच करून घ्या.

> उशीचं माहीतच नव्हतं! आईला वाचून दाखवते.