स्वतःच्याच चित्राला हात लावायची बंदी?

रंकाळाकाठ
माझ्या मावशीला रेटिनायटिस पिगमेंटोसा आहे. नजरेचा घेर कडेकडून मिटत गेला, आता समोरचं वाटीएवढं दिसतं, तेही लख्ख उजेडात. पण ब्रश सुटला नाही. सुतळी फेविकॉलमध्ये बुडवून कॅनव्हासवर आधी रेघ चिकटवते, वाळली की ती चाचपत आत ॲक्रिलिक भरते. रंगाच्या ट्यूबांना दोरे बांधलेत : पिवळ्याला एक गाठ, तांबड्याला दोन.

गेल्या महिन्यात कोल्हापुरातल्या एका सामूहिक प्रदर्शनात तिची चार चित्रं लागली. आपल्याच रंकाळा तलावाच्या चित्रावरून बोट फिरवत ती मला 'हा बघ संध्यामठ' म्हणून तलावातली दगडी वास्तू दाखवत होती, तोवर रखवालदार ओरडत आला, "हात लावायचा नाही!" शेजारच्या कार्डावर पहिलेच शब्द 'अंध असूनही'. 'हात लावू नका'ची पाटी आणि हे कार्ड, दोन्ही काढायला हवीत असं माझं ठाम मत आहे.

फ्रेमवाला
पाटीबद्दल अजिबात पटलं नाही. तीस वर्षं फ्रेमा बांधतोय. ॲक्रिलिकचा थर मऊ असतो, घामाचा हात लागला की मळ धरून बसतो. दिवसाला शंभर हात फिरले तर चौथ्या दिवशी सुतळी उचकटेल. मावशींना ओळखलं नाही ही आयोजकांची चूक, पण पाटी चित्राच्या भल्याचीच आहे.

मिरजकर तिकटी
आणि कार्ड का काढायचं? नजर नसताना केलंय, म्हणूनच ते काम मोठं. ते झाकून शेजारच्या निसर्गचित्राशी तोलायला गेलात तर टिकणार नाही, वाईट वाटलं तरी सांगतो. आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटरांचं गाव आहे हे, इथल्या लोकांचा डोळा तयार आहे.

पेठेतली
तयार डोळ्यांना चित्रकार विनोदबिहारी मुखर्जी ठाऊक असतीलच. जन्म १९०४चा, एक डोळा लहानपणापासून निकामी, दुसरा अधू. शांतिनिकेतनात हिंदी भवनाच्या भिंतींवर मध्ययुगीन संतांचं भलंमोठं भित्तिचित्र त्यांनी १९४७ च्या सुमारास केलं, ते याच अधू नजरेनं. पन्नाशीनंतर मोतीबिंदूची शस्त्रक्रिया फसली आणि उरलीसुरली दृष्टीही गेली. तरी कागद कापून चिकटचित्रं केली, १९७२ मध्ये तिथल्याच कला भवनात टाइल्सचं भित्तिचित्र उभं केलं. ते पाहताना 'असूनही' लागत नाही.

आणखी एक. अंध म्हणजे मिट्ट काळोख, हे डोक्यातून काढा. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात दृष्टीचा घेर १० अंशांहून कमी असेल तर तेही अंधत्वच धरलंय. मावशींना वाटीएवढं का होईना, दिसतं. गाठींच्या जोडीला त्या रंग बघूनही निवडत असणार.

मिरजकर तिकटी
मुखर्जींची गोष्ट वेगळी. अर्धं आयुष्य बघून घडलेला हात होता तो.

रंकाळाकाठ
मावशीचाही तसाच आहे हो, वीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवलीय तिनं.

फ्रेमवाले दादांचं मात्र पटलं. मूळ चित्र लांब राहू दे, खाली त्याच सुतळीचा, त्याच रंगाचा वीतभर नमुना लावायचा, हात त्याला लावा. मावशी लगेच तयार झाली. कार्डाचं विचारलं तर म्हणाली, "सुतळी आणि ॲक्रिलिक, एवढं लिहा. त्या दिवशी तिघांनी माझे डोळे कधी गेले ते विचारलं. सुतळी का वापरली, हे एकानंही नाही."

मिरजकर तिकटी
नमुन्याला हरकत नाही. कार्डाबाबत माझं मत तेच.

फ्रेमवाला
नमुन्यासाठी सुतळीऐवजी जाड सुती दोरा घ्या, फेविकॉल आतपर्यंत मुरतो. मापं पाठवा, चारही पट्ट्या बांधून देतो.