काकवीसाठी काहील: कप्प्यांची चौकोनी घ्यावी की साधी?

प्रश्न (हडपसर, पुणे)

नमस्कार. यवतजवळच्या आमच्या शेतात को 86032 ऊस उभा आहे. त्यातल्या दोन गुंठ्यांचा ऊस कारखान्याला न घालता त्याची काकवी (उसाचा रस आटवून केलेला दाट पाक) करावी, असे सासूबाईंनी आणि मी ठरवले आहे. एका आधणाला सुमारे 100 लिटर रस घेण्याचा विचार आहे. कॅनडात मेपलच्या झाडाचा रस आटवताना तळाला पन्हळी असलेल्या आणि आत कप्पे पाडलेल्या चौकोनी काहिली (रस आटवायच्या मोठ्या उथळ कढया) वापरतात, त्यांत पाणी फार लवकर उडते. तशीच 4 फूट बाय 3 फुटांची काहील बनवून घ्यावी का, पत्रा कोणता घ्यावा आणि ती चुलवाणावर (गुऱ्हाळाच्या मोठ्या चुलीवर) कशी बसवावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर 1 (गुऱ्हाळमालक, दौंड तालुका)

ताई, पन्हळी आणि कप्पे दोन्ही टाळा. मेपलच्या रसात साखर जेमतेम 2 टक्के असते. तो जवळजवळ पाणीच असल्यामुळे तिकडे सगळी धडपड पाणी लवकर उडवण्याची असते. आपला रस 18 ते 20 ब्रिक्सचा, म्हणजे साधारण तितके टक्के साखरेचा असतो आणि त्याच्याबरोबर भरपूर मळी (रसातला गाळ) येते. रस तापू लागला की रानभेंडीचे चिकट पाणी घालायचे, मळीचा जाड थर वर येऊन त्याला तडे जाऊ लागले की खळखळून उकळी फुटण्याआधी तो झाऱ्याने एका कडेला ओढून उचलायचा. हे काम अखंड, मोकळ्या काहिलीतच नीट होते, कारण कप्प्यांच्या कोपऱ्यांत मळी अडकते आणि पन्हळींत बसलेली मळी करपते. काकवीचा रंग आणि चव मळी किती निगुतीने काढली यावर ठरते, म्हणून काहील निवडताना आधी झारा कुठवर पोहोचतो ते पाहावे.

उंची दीड फूट तरी ठेवा, कारण फेस रसाच्या दुप्पट वर येतो. जाळ फक्त तळाला लागला पाहिजे. आमच्या पहिल्या वर्षी बांधकामात चूक होऊन ज्वाळा बाजूच्या पत्र्यावर चढत होत्या. रस आटून खाली गेला तशी कडेची साय काळी पडली आणि अख्ख्या आधणाला जळका वास लागला. तेव्हापासून काहिलीच्या तळाचा काठ चुलवाणाच्या भिंतीवर चार बोटे टेकवून फट मातीने लिंपतो.

उत्तर 2 (फॅब्रिकेशन व्यावसायिक, भोसरी)

वरच्या उत्तराशी सहमत आहे. मापाबद्दल मात्र थोडे सांगतो. 4 बाय 3 फुटांच्या सपाट तळावर 100 लिटर रस सुमारे 9 सेंटिमीटर उभा राहील, पण आटून वीस-बावीस लिटर काकवी उरेल तेव्हा तिची खोली अवघी 2 सेंटिमीटर असेल. इतका पातळ थर मोठ्या जाळावर करपल्याशिवाय राहत नाही. म्हणून निम्म्याहून जास्त आटल्यावर रस गाळून 2 बाय 2 फुटांच्या दुसऱ्या काहिलीत घ्यावा. तिथे शेवटी 6 सेंटिमीटरच्या आसपास खोली राहते आणि जाळही आवरता येतो. मेपलवाल्यांची ही एक पद्धत मात्र घेण्यासारखी आहे, तेही शेवटचा पाक वेगळ्या भांड्यात करतात.

पत्रा 304 प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचा, तळाला 3 मिलिमीटर घ्यावा. साध्या लोखंडाने रस काळवंडतो, आणि रस आंबटसर असल्याने जस्ताचा मुलामा असलेला पत्रा नको. स्टेनलेसमध्ये उष्णता सावकाश पसरते, त्यामुळे कोरड्या काहिलीखाली जाळ केल्यास तळ वाकतो. बसवल्यावर दोन इंच पाणी भरून चारही कोपऱ्यांत पट्टी बुडवून पाहावी. तोटीकडे किंचित उतार चालेल, पण समोरच्या कोपऱ्यात पाणी निम्मे भरत असेल तर खालची वीट बदलावी.

प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार, दोन साध्या काहिली करून घेते. काकवी 105 ते 106 अंशांना उतरवावी असे सांगतात, पुण्याकडेही तोच आकडा धरावा का?

उत्तर 1

ताई, पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंच असल्यामुळे इथे पाणीच 98 अंशांच्या आसपास उकळते. त्या दिवशी आधी साधे पाणी उकळून तुमच्या तापमापकावरचा आकडा लिहून ठेवा आणि त्याच्या वर 5 ते 6 अंश मोजा. काकवी उतरवताना चुलवाणातला विस्तव आधी पुढे ओढून घ्या, कारण जाळ थांबला तरी तापलेल्या विटा आणि तळ पुढची काही मिनिटे तिला आटवतच राहतात.