वर फेकलेल्या चेंडूच्या उदाहरणात ऋण मूळ का येते?

प्रश्न:
१४.७ मीटर उंच गच्चीच्या कडेवरून एक चेंडू सेकंदाला ९.८ मीटर वेगाने सरळ वर फेकला, तर तो किती वेळाने जमिनीवर पडेल, असे उदाहरण आहे. काळासाठी क्ष घेऊन आणि गुरुत्व त्वरण ९.८ धरून मी १४.७ + ९.८क्ष − ४.९क्ष² = ० असे समीकरण मांडले. ४.९ ने भागल्यावर क्ष² − २क्ष − ३ = ० हे सोपे रूप मिळते आणि अवयव पाडले की ३ व −१ अशी मुळे येतात. काळ ऋण नसतो म्हणून −१ सोडून द्यावे, असे सांगितले जाते. परंतु समीकरण बरोबर असताना त्यातून निरर्थक उत्तर का निघावे?

प्रतिसाद १:
३ सेकंद हे उत्तर बरोबर आहे, मात्र −१ निरर्थक नाही. चेंडू गच्चीवरून फेकला, हे समीकरणात कोठेच लिहिलेले नसते. शून्य सेकंदाला तो १४.७ मीटरवर होता आणि ९.८ च्या वेगाने वर जात होता, एवढेच त्यात असते. एक सेकंद आधी तो जमिनीवरूनच १९.६ च्या वेगाने वर फेकला असता, तरी शून्य सेकंदाला नेमकी हीच स्थिती आली असती. −१ हा त्या कल्पित फेकीचा क्षण होय. प्रत्यक्षात तेव्हा चेंडू हातात होता, म्हणून सूत्र तेथे लागू होत नाही. मूळ सोडण्याचे खरे कारण हे आहे.

प्रतिसाद २:
आता तोच चेंडू तेवढ्याच वेगाने खाली फेकून पाहा. समीकरण क्ष² + २क्ष − ३ = ० होते आणि मुळे १ व −३ येतात. म्हणजे ज्या मुळावर तुम्ही काट मारत होता, तेच चिन्ह बदलून या उदाहरणाचे उत्तर ठरते! मला या विषयातील हा सर्वांत सुंदर भाग वाटतो.

प्रतिसाद ३:
विवेचकही (अक्ष² + बक्ष + क = ० या समीकरणातील ब² − ४अक ही संख्या; ती ऋण असेल तर वास्तव मूळ नसते, शून्य असेल तर एकच असते) असाच बोलका असतो. चेंडू २४.५ मीटर उंचीवर केव्हा असेल, असे विचारले तर क्ष² − २क्ष + २ = ० मिळते, विवेचक −४ येतो आणि चेंडू तेथवर पोहोचतच नाही हे कळते. १९.६ मीटरसाठी विवेचक शून्य येतो, कारण तो सर्वोच्च बिंदू आहे आणि चेंडू तेथे एकाच क्षणी असतो. मात्र हे सारे हवेचा रोध नगण्य असेल तरच खरे; पिसाला हे समीकरण लावू नये. चंद्रावर मात्र ते पिसालाही चालते: १९७१ साली अपोलो १५ मोहिमेत एकदम सोडलेले हातोडा आणि पीस तेथे बरोबरच खाली पोहोचले होते. फक्त ४.९ च्या जागी सुमारे ०.८ घ्यावे लागेल.