डेमर्झेल म्हणजेच डॅनील: धागे आधी कुठे पेरलेत?

(रहस्यभेद आहे)

प्रश्न: असिमॉव्हच्या ‘प्रील्यूड टू फाउंडेशन’ या विज्ञानकादंबरीत (१९८८) पत्रकार ह्यूमिन, सम्राटाचा प्रमुख सहायक डेमर्झेल आणि रोबॉट डॅनील एकच निघतात. हे शेवटी चिकटवलंय का? आणि नायक, गणितज्ञ सेल्डनचं रक्षण करणाऱ्या डोर्सचं काय, तीही रोबॉट का?

उत्तर १: चिकटवलेलं नाही. ह्यूमिन ज्याला जे सांगतो ते तो निमूट करतो, सेल्डनसुद्धा. बिलिबॉटनच्या गरीब वस्तीत म्हातारी मदर रिट्टा ‘डा-नी’ आणि ‘बा-ली’ची दंतकथा सांगते, ते सरळ डॅनील आणि आधीच्या रोबॉट-कादंबऱ्यांतला त्याचा डिटेक्टिव्ह जोडीदार बेली. मनावर प्रभाव टाकायची शक्ती मात्र १९८५च्या ‘रोबॉट्स अँड एम्पायर’मधली: गिस्कार्ड हा रोबॉट निकामी होताना ती डॅनीलला देतो. ते न वाचता इथे आलात तर उलगडा हवेतच राहतो.

उत्तर २: म्हणूनच कथेच्या काळानुसार नव्हे, प्रकाशनाच्या क्रमाने वाचा. डॅनील पहिल्यांदा येतो त्या ‘केव्ह्ज ऑफ स्टील’ (१९५४) पासून धरा. फक्त एक लक्षात ठेवा, चाळीसच्या दशकातल्या मूळ फाउंडेशन कथांत डॅनील नाहीच. हा सांधा ऐंशीच्या दशकात जोडला, त्यामुळे त्या जुन्या कथांत त्याच्या खुणा शोधणं मला पटत नाही.

उत्तर ३: डोर्स रोबॉट आहे, याबद्दल वाद उरत नाही. सुरीच्या मारामारीतला तिचा वेग हा इशारा. ‘फॉरवर्ड द फाउंडेशन’मध्ये (१९९३) रोबॉटला घातक असलेलं इलेक्ट्रो-क्लॅरिफायर हे यंत्र तिला निकामी करतं, तोच पुरावा. त्याच पुस्तकात डेमर्झेल रोबॉट असल्याचा आरोप होतो आणि तो लोकांसमोर मनमोकळं हसून तो उडवून लावतो. हा प्रसंग नीट वाचाच, फार सुरेख रचलाय.